शेजारच्या स्टुलावर

एका आजींच्या पत्राला मी उत्तरच दिलं नव्हतं. “नात चालेल ना? खरं ते कळवा.” लहानग्यांच्या फिजिओथेरपीत अख्खा जन्म गेला, तरी खात्रीनं लिहायला हात धजेना. दोन वर्षांची नात आईचा गुडघा सोडत नव्हती. आजही खुळखुळा, चेंडू, बाहुली, सगळ्यांना तिनं नाक मुरडलं. तिला हवा होता माझा चष्मा. मी तो काढून माझ्याशेजारच्या स्टुलावर ठेवला. “डॉक्टरकाका, तुम्हाला दिसणार कसं?” आईनं विचारलं. “तिला दिसतोय ना, बास! फक्त हात देऊ नका.” धूसर पिवळा फ्रॉक डुलत निघाला, थबकला, पुन्हा निघाला. “काका, बघितलंत? चालली!” आई रडतारडता हसली. “मला कुठलं दिसतंय! तुम्हीच सांगा.” तेवढ्यात चिकट हातांनी चष्मा माझ्या नाकावर उलटा बसवला. संध्याकाळी आजींना पत्र टाकलं: “नात चालते. याल तेव्हा चष्मा सांभाळा.”