माउलीचं वजन

घोटावड्याच्या अंगणवाडीत मोनिकाताईंनी माउलीला वजनकाट्यावर उभं केलं आणि आकडा बघून त्या ओरडल्याच, "सोनिया, कुपोषणाच्या यादीतनं सुटला गं पोरगा तुझा!"

चार महिने ताई आपल्या घरून रोज एक अंडं आणून माउलीला भरवत होत्या. त्यांची स्वतःची लेक डब्यातली नुसती चपाती बघून रोज विचारायची, "आई, माझं अंडं कुटंय?"

"आता उद्यापासून अंडं माझ्या लेकीला देते हां," ताई हसून म्हणाल्या.

सोनियाचा चेहरा उतरला. तिने घाईघाईने माउलीला काट्यावरून उचललं आणि कडेवर घट्ट धरलं.

"ताई, आजचं वजन लिवू नका. दोन दिस उपाशी ठिवते ह्याला, मग परत बघा."