बायकोचा पगार

कर भरायचे शेवटचे दिवस होते. तेच तेच प्रश्न ऐकून करसल्लागार बाईंचं डोकं पिकलं होतं. लॉन्ड्रीवाला बायकोला घेऊन आत आला, तेव्हा त्या चष्मा काढून डोळे चोळत बसल्या होत्या.

"मॅडम, लग्न झाल्यापासून ही माझ्या दुकानात इस्त्री करतेय. हिचा पगार खर्चात दाखवला, तर माझा कर कमी होईल का?"

"होईल. पण पगार खरोखर द्यावा लागेल. त्यांच्या खात्यात."

"घरच्याच माणसाला?" तो हसला. "बरं, देतो. पैसा घरातच राहील."

बायको इतका वेळ भिंतीला डोकं टेकून बसली होती. तिने डोळे उघडले.

"मॅडम, पगारी माणसाला राजीनामा पण देता येतो ना हो?"