मीरासाहेबांचा हातपंप

चिंचवडच्या घाटावरची जुनी नाव सरपणाला काढा, असं सांगणारे साहेब पुष्कळ होते. तिच्या पोटात शिरले एकटे मीरासाहेब मिस्त्री. त्यांनी तळाच्या प्रत्येक आडव्या लाकडाला भोक पाडलं, सगळं पाणी एका खळग्यात उतरवलं आणि तिथं हातपंप बसवला. असलं डोकं कॉलेजात मिळत नाही.

घाटाचा रिवाज कडक होता. नाव ज्यानं दुरुस्त केली, त्याचंच लेकरू पहिल्या खेपेला बसायचं. उद्या त्यांची सात वर्षांची कनीज बसणार होती.

भर दुपारी, काठावर ठोकळ्यांवर ठेवलेल्या नावेत नावाडी ज्योतीरामनं दोन बादल्या पाणी ओतलं. मीरासाहेबांनी पंप मारून दोन्ही बादल्या परत भरल्या.

"थेंब ठिवला न्हाई, मिस्त्री. मानलं राव."

मीरासाहेबांनी कौतुकानं सुखावून आणखी दांडा दाबला. तिसरी बादली भरली. मग चौथी.

"तू किती ओतलंस?"

"दोनच की."

त्यांनी खळग्यावरची फळी उचलली. खळगा कोरडा ठणठणीत होता. पंपातून मात्र पाणी येतच होतं, आणि त्या पाण्याबरोबर एक लाल रिबीन बाहेर आली.

"अब्बा, ही तर माझी," नावेबाहेर कोरड्या काठावर उभी असलेली कनीज म्हणाली आणि तिनं वेणी चाचपली. सकाळी बांधलेली रिबीन तिथं नव्हती.

वेणीतून पाणी निथळत होतं.