दोन आखूड, एक लांब

खळ्ळकन किल्ल्या वाजल्या आणि टाळेबंदीतल्या घराची शांतता मोडली. शाळेच्या व्हॅनच्या त्या किल्ल्या हणमंतानं मार्चनंतर पहिल्यांदाच खिळ्यावरून काढल्या होत्या. “शाळा बंद झाली म्हणून पोट थोडंच बंद होतंय?” तो बायकोला, रेवतीला म्हणाला. व्हॅनमधल्या मागच्या सीटा विकून आलेल्या पैशांत त्यानं मेथी, भेंडी, कोथिंबीर भरली.

रेवती छोट्या मुक्ताला मांडीवर घेऊन पुढे बसली. पहिल्याच गल्लीत हणमंतानं सवयीनं शाळेचाच हॉर्न दिला: दोन आखूड, एक लांब. धडाधड दारं उघडली. मास्क आणि दप्तर एकदमच अडकवत पोरं धावत आली.

“काका, शाळा सुरू झाली?”

“नाही रे राजांनो, आज भेंडीला सोडायला आलोय. आईला पाठवा!”

आया हसत आल्या, पिशव्या भरून गेल्या. दुपारपर्यंत व्हॅन रिकामी. रेवतीला कित्येक दिवसांनी मोकळं हसू आलं.

मुक्ता मागे उघड्या पत्र्यावर मांडी घालून बसली होती. रेवती तिच्या केसांतली कोथिंबिरीची काडी काढू लागली, तशी पोरीनं वर पाहिलं.

“आई, शाळा सुरू झाली की मुलं कशावर बसणार गं?”