एकच कापून बघतो

बिया पेरलेला ट्रे स्वयंपाकघरातल्या टेबलावर टेकला तसा दगड आपटल्यासारखा आवाज झाला. रात्रीच्या थंडीत आतली माती पार गोठली होती.

"मेल्या," अल्टन म्हणाला. "सगळ्या बिया मेल्या, व्हर्लीन."

"मन चिंती ते वैरी न चिंती! थंडी लागावी म्हणून तूच ठेवलास ना बाहेर?"

"थंडी लागावी म्हणून. अशी थंडी टेनेसीत बापजन्मात पडली नव्हती."

त्या काटेरी पामची बी हिवाळा सोसल्याशिवाय रुजत नाही. पण किती सोसावा, हे कोण सांगणार? अंगणातल्या पामला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच फळं धरली, आणि पाठोपाठ रस्ता रुंद करणाऱ्या यंत्राने तो मुळासकट उपटला. मागे राहिल्या त्या या सहा बिया.

अल्टनने माती फोडून त्या बाहेर काढल्या आणि खिशातला चाकू उघडला.

"आत पांढरी, टणक निघाली तर जिवंत. मऊ निघाली तर संपलं."

"आणि कापलेली उगवणार कशी?"

"एकच कापतो गं. जीव थाऱ्यावर नाही माझा."

बी दुभंगली. आत खोबऱ्यासारखी पांढरी, टणक.

व्हर्लीनचा जीव भांड्यात पडला. "बघ! उगाच घाबरतोस. जा, ठेवून ये बाहेर."

त्याने ट्रेला हात लावला आणि तिथेच थांबला. "ही मधली होती. कडेच्यांना जास्त गारठा लागतो."

दुसरीही पांढरी निघाली. शहाण्याने इथे चाकू मिटला असता. अल्टनने तिसरी घेतली. मग चौथी. एवढ्या गारठ्यात त्याच्या कपाळावर घाम आला होता. व्हर्लीनला आता बियांची काळजी नाही, त्याचीच भीती वाटायला लागली.

"अल्टन, पुरे!"

"कोपऱ्यातलीचं काय पण?"

पाचवी फुटली. पांढरी, टणक.

शेवटची तिने झडप घालून उचलली आणि सपाता घालूनच अंगणात धावली. मागे दार उघडलं.

"दे इकडे, व्हर्लीन. फक्त तेवढी एक बघतो. मग निवांत होईन."

तो पायऱ्या उतरत होता. चाकू उघडाच होता.

मुठीची ऊब बीला लागेल या धास्तीने तिने वाकून बर्फ उचलला, बीभोवती दाबला आणि मूठ आवळली. बोटं बधिर झाली, तरी तिने ती सोडली नाही.