एस्कोची तिसरी परीक्षा

"या खेपेला तरी पास व्हा हो!" केर्टूबाईंनी पेपर पुढे सरकवला.

"बघू," म्हणत एस्कोने आधी बाईंच्या कपात कॉफी ओतली.

कुओपियो गावच्या वाचनालयात दर गुरुवारी दुपारी म्हाताऱ्यांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग भरे. पास झाला त्याने प्रमाणपत्र घेऊन खुर्ची सोडायची, कारण बाहेर यादी लांबलचक. नापासाला मात्र पुन्हा बसता येई. एस्को दोनदा गटांगळी खाऊन बसला होता. लाकडाच्या गिरणीत हयात काढलेला हा विधुर काही मठ्ठ दिसत नसे. म्हणूनच त्याचं नापास होणं बाईंच्या मनाला लागे. चाळीस वर्षांच्या मास्तरकीत त्यांच्या हाताखाली तीनदा कुणी नापास झालं नव्हतं.

गेल्या गुरुवारी त्यांनी वर्गात अळंब्यांची टोपलीच आणली.

"ही खायची, ही विषारी, अशी एकेकीवर चिठ्ठी लावायची, ते लेबल. सगळी टोपली म्हणजे ट्रेनिंग डेटा. आणि यंत्राने हीच टोपली पाठ केली, रानातली नवी अळंबी पाहून गडबडलं, तर? एस्को?"

"तर त्याच्या हातचं सूप पिऊ नये, बाई."

वर्ग खिदळला.

"ती घोकंपट्टी! ओव्हरफिटिंग! आणि नाणं उडवून खरं-खोटं सांगणाऱ्या यंत्रालाही विसात दहाएक मिळतात. त्याला हुशार म्हणू नका."

"मला उद्देशून का?" एस्कोने विचारलं.

शेजारच्या सिर्काला माऊसही धड धरता येत नसे. ती मात्र पहिल्याच फटक्यात पास झाली. "मला सगळं एस्कोनेच समजावलं," असं ती गावभर सांगे. बाईंना ती थट्टाच वाटे.

आज वीस विधानं होती. प्रत्येकापुढे खरं किंवा खोटं लिहायचं. एस्कोने दहा मिनिटांत पेपर दिला, पिशवीतून दालचिनीचे पाव काढले, सगळ्यांत मोठा बाईंपुढे ठेवला.

"कसा गेला?"

"फार अवघड. पुढच्या गुरुवारी येतोच."

सगळे गेल्यावर बाई लाल पेन घेऊन बसल्या. पहिलं चूक. दुसरं चूक. दहावं चूक. विसावंही चूक. शून्य!

मग पेन थबकलं. नाणं उडवलं असतं, तरी दहाएक बरोबर आली असती. वीसच्या वीस चुकवायला आधी वीसही यायला हवीत.

बाईंनी पेपर पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. कानापर्यंत लाल झाल्या, पावाचा मोठा घास घेतला आणि ठसठशीत शेरा मारला: "नापास. पुढच्या गुरुवारी तासभर आधी यावे."