अस्मीचा ग्रह

प्रल्हादकाकांनी शालीची घडी मोडली आणि सदानंदने मान खाली घातली.

आखाती शहरातल्या करामा भागात एका हॉटेलचा वरचा हॉल मराठी मंडळाच्या माणसांनी गच्च भरला होता. काका मंडळाचे अध्यक्ष, सदानंद सेक्रेटरी. मागच्या बॅनरवर लिहिलं होतं, 'नवा ग्रह शोधणाऱ्या कु. अस्मीचा सत्कार'. मजकूर सदानंदचाच. वाळवंटातल्या दुर्बिणीवर काम करणारी लेक महिन्यापूर्वी एवढंच म्हणाली होती, "बाबा, कदाचित ग्रह असेल." बापाने 'कदाचित' खाऊन टाकलं आणि उरलेलं गावभर केलं.

आज इकडे येताना गाडीत तिने सांगितलं की तो ग्रह नाही. सदानंदला घाम फुटला. "आज गप्प बस. शाल घे, मग हळूच सांगू सगळ्यांना," तो म्हणाला. त्यावर ती खिडकीबाहेर बघत राहिली होती.

आता काका शाल घेऊन पुढे झाले, तशी ती एक पाऊल मागे सरली.

"सॉरी काका, वन मिनिट." तिने माइक घेतला. "तो प्लॅनेट नाहीये."

सदानंदला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं.

"ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो. तसा झालेला मला दिसला. पण मी परत परत चेक केलं. एकदा उजेड जास्त कमी होतो, एकदा थोडाच. ग्रह असता तर दर वेळी सेम झाला असता. ते दोन तारे आहेत, एकमेकांना झाकणारे. काल मीच दुर्बिणीवरच्या आमच्या सरांना सांगितलं. सो, खलास."

तिचा आवाज कापत होता, पण ती शेवटपर्यंत बोलली. सदानंद तिच्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांच्या नोकरीत चारचौघांत 'माझं चुकलं' हे त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. ही पोर भरल्या हॉलमध्ये ते सांगून मोकळी झाली होती. त्याचा ऊर भरून आला आणि घाम कुठल्या कुठे गेला.

"मग शोधलं काय हिनं?" पहिल्या रांगेतल्या कुंदाताईंनी शेजारणीला विचारलं. ते सगळ्यांनाच ऐकू गेलं.

काका हातातली शाल सावरत घुटमळले. "सदानंद, अरे, आता सत्कार कशाबद्दल म्हणून सांगू?"

सदानंद उठला. मघापासून खाली गेलेली त्याची मान आता चांगली ताठ होती.

"बापाने गप्प बस म्हटलं होतं, तरी बोलली," तो म्हणाला. "त्याबद्दल घाला."